मोस्ट वॉन्टेडमधली बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निळ्या-चंदेरी रंगाच्या या एका गाडीबद्दल मला जेवढे मेसेज येतात, तेवढे बाकी सगळ्या गाड्यांबद्दल मिळूनही येत नाहीत. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी लागली की ओघ वाढतो. कुणी पहिल्यांदाच खेळत असतं, तर कुणी कॉलेजात असताना अर्धवट सोडलेला गेम नोकरी-संसार मार्गी लागल्यावर पुन्हा उघडलेला असतो. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं नीड फॉर स्पीड मालिकेतल्या मोस्ट वॉन्टेड या पीसीवरच्या २००५ च्या कार रेसिंग गेमला धरून आहेत. गोष्टीचा शेवट आधी कळायला नको असेल, तर प्रश्न ४ आणि १६ तूर्त सोडा.

१. मोस्ट वॉन्टेड नावाचे दोन गेम दिसतात. ही गाडी नेमकी कुठल्या गेममधली?

नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या. तो ईए या गेम कंपनीच्या ब्लॅक बॉक्स स्टुडिओने केला. रॉकपोर्ट शहर, हरवायच्या पंधरा रेसरांची यादी म्हणजे ब्लॅकलिस्ट, तुमचा मुख्य शत्रू रेझर, पोलिसांतला सार्जंट क्रॉस, तुम्हाला मदत करणारी मिया ही सगळी मंडळी त्यातली. २०१२ चा त्याच नावाचा गेम क्रायटेरियन या स्टुडिओचा आहे. त्यात शहर वेगळं, नियम वेगळे, आणि रेझरचा पत्ता नाही. एम३ जीटीआर तिथेही आली, पण नंतर विकत घ्यायच्या जादा पॅकमधून.

२. अशी गाडी खरोखर आहे का, की गेमवाल्यांनी रचलेली?

खरी आहे. बीएमडब्ल्यूची त्या काळातली एम३, म्हणजे ई४६, रस्त्यावर ३.२ लिटरच्या सरळ सहा सिलिंडर इंजिनावर धावायची. युरोपातल्या गाडीची ताकद ३४३ हॉर्सपॉवर. पण अमेरिकन ल मान्स मालिकेत पोर्शे ९११ पुढे सहा सिलिंडर पुरेनात. म्हणून २००१ मध्ये कंपनीने त्याच अंगात चार लिटरचं व्ही८ इंजिन बसवलं. रेसच्या गाडीची ताकद ४५० हॉर्सपॉवरच्या आसपास. रुंद मडगार्ड, मागचा मोठा विंग, बॉनेटवरच्या गरम हवा सोडणाऱ्या खाचा, गेममध्ये दिसतं ते सगळं तिथूनच आलं. त्याच वर्षी यॉर्ग म्युलरने जीटी गटाचं विजेतेपद मिळवलं.

निळ्या-चंदेरी रंगांची ती नक्षी मात्र गेमची. आता तीच इतकी ओळखीची झाली आहे की २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने म्युनिकच्या बीएमडब्ल्यू वेल्टमध्ये त्या रंगातली गाडी लोकांसमोर ठेवली.

३. एवढी जिंकत होती, मग रेसमधून गेली कुठे?

नियम बदलला. २००१ मध्ये जीटी गटात उतरायला रस्त्यावरची गाडी विक्रीला ठेवणं पुरेसं होतं आणि किती गाड्या बनवायच्या याची अट सैल होती. बीएमडब्ल्यूने अडीच लाख युरो किंमत लावून अवघ्या दहा गाड्यांची योजना जाहीर केली. बाकीच्यांनी तक्रार केली की ही रस्त्यावरची गाडी नव्हेच, रेसच्या गाडीला नंबरप्लेट लावली आहे. २००२ साठी अट आली : शंभर गाड्या आणि हजार इंजिनं बनवा, नाहीतर वजन वाढवून आणि ताकद कमी करून उतरा. बीएमडब्ल्यूने गाडी मागे घेतली.

तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. गाडी माझी लाडकी असली तरी.

गोष्ट तिथे संपली नाही. श्निट्झर या संघाने हीच गाडी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली आणि २००४, २००५ अशी लागोपाठ दोन वर्षं शर्यत जिंकली. दुसरा विजय आणि गेम एकाच वर्षातले. म्हणजे आपण नेट कॅफेत हिच्यावर तुटून पडलो होतो, त्याच वर्षी खरी गाडीही जिंकत होती. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं त्या दिवशी गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

४. सुरुवातीला हातात मिळते आणि लगेच जाते. परत कधी मिळते?

अगदी शेवटी. पहिल्या काही शर्यती तुम्ही हीच गाडी चालवता. रेझरशी गाडीवर पैज लागते, त्याची माणसं आधीच गाडीत काहीतरी करून ठेवतात, ऐन शर्यतीत तेल गळतं आणि गाडी बंद पडते. रेझर चावी घेऊन जातो आणि तुम्ही क्रॉसच्या हाती लागता. गाडीच न सापडल्यामुळे पुरावा उरत नाही, म्हणून सुटता. तिथून खालून पंधराव्या नंबरपासून एकेकाला हरवत वर यायचं. रेझरला हरवलं की गाडी तुमची.

वाट लांब आहे. दर टप्प्यावर नुसत्या शर्यती जिंकून भागत नाही. पोलिसांशी केलेल्या पाठलागांतून बाउंटी, म्हणजे पोलिसांना छळून मिळणारे गुण, जमवावी लागते आणि माइलस्टोन, म्हणजे नेमून दिलेली आव्हानंही पुरी करावी लागतात.

५. दादा, सुरुवातीची एम३ विमानासारखी पळते आणि नंतर घेतलेली गाडी रेंगाळते. माझा पीसी स्लो आहे का?

पीसी ठीक आहे. गेमने तुम्हाला आधी सगळे अपग्रेड चढवलेली रेसची गाडी दिली आणि मग मूळ अवस्थेतली साधी गाडी घ्यायला लावली. सुरुवातीला दुकानात फियाट पुंटो, फोक्सवॅगन गोल्फ, शेवरोले कोबाल्ट आणि लेक्सस आयएस ३०० एवढ्याच असतात. कुठलीही घेतली तरी पहिला तासभर जिवावर येतो.

माझ्या मते या गाडीची सगळी जादू याच फरकात आहे. पहिल्या दहा मिनिटांत ब्रेक कसा लागतो, नायट्रो (थोडा वेळ जादा वेग देणारं बटण) मारल्यावर रस्ता कसा अंगावर येतो, हे हाताला कळलेलं असतं. मग पुढचे कितीतरी तास प्रत्येक गाडीची तुलना मनातल्या मनात तिच्याशी होत राहते. एखाद्या गाडीने आपलं काही घेतलं गेल्याची भावना द्यावी, हे त्याआधी कुठल्याही रेसिंग गेममध्ये मला जाणवलं नव्हतं.

कुठली घ्यावी विचारत असाल तर मी गोल्फ किंवा कोबाल्ट घेतो. पहिल्या दोन-तीन नंबरांपर्यंत आरामात पोचवतात.

६. गाडी पळताना किंचाळल्यासारखा आवाज येतो. तो टर्बोचा का?

नाही. खऱ्या एम३ जीटीआरला टर्बो नव्हताच. तो आवाज गिअरबॉक्सचा आहे.

आपल्या रोजच्या गाडीच्या गिअरचे दात तिरके कापलेले असतात. एक दात दुसऱ्यात हळूहळू सरकत बसतो, म्हणून आवाज मऊ येतो. रेसच्या गाडीत बरेचदा सरळ दातांचे गिअर असतात. त्यांत पूर्ण दात एकदम दातावर आपटतो. वेग वाढेल तशी ही आपट दर सेकंदाला शेकडो वेळा होते आणि तिची शीळ बनते. एस्टी रिव्हर्स घेताना स्टँडवर जी कुंई ऐकू येते, तिची जात हीच. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सचा गिअर सरळ दातांचा असतो. हेडफोन लावून ऐका : पाय उचलला की शीळ खाली उतरते आणि गिअर बदलला की पायरी चुकल्यासारखी तुटते. गेममध्ये हे नीट टिपलं आहे.

७. गेममधली सगळ्यात फास्ट गाडी हीच ना?

नाही, आणि हे ऐकून लोक माझ्यावर चिडतात.

लांब सरळ रस्त्यावर नीट चढवलेली पोर्शे करेरा जीटी हिला मागे टाकते. त्यात नवल नाही. खऱ्या करेरा जीटीत ५.७ लिटरचं व्ही१० आहे, ६१२ हॉर्सपॉवरचं. हिच्यात ४५० च्या आसपास. हायवेवरच्या लांब स्प्रिंटमध्ये, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या शर्यतीत, आणि वेग मोजणाऱ्या स्पीडट्रॅपमध्ये हा फरक उघड दिसतो.

एम३ जीटीआर श्रेष्ठ ठरते ती वळणापासून वळणापर्यंतच्या रस्त्यावर. ब्रेक उशिरा मारला तरी थांबते, वळणात नाक सांगाल तिथे जातं, आणि बाहेर पडताना मागची चाकं घसरण्याआधी इशारा देतात. रॉकपोर्टच्या डाउनटाउनमध्ये चौकामागून चौक येतात. तिथे करेरा जीटी घेऊन मी भिंतीला घासत जातो, हिच्यासोबत नाही. ज्याला एकच गाडी घेऊन सगळ्या प्रकारच्या शर्यती आणि पाठलाग करायचे आहेत, त्याला मी डोळे झाकून हीच सांगेन. फक्त टॉप स्पीडचा आकडा हवा असेल तर करेरा जीटी घ्या. लोटस एलिसलाही कमी लेखू नका. हलकी आहे, आणि पूर्ण चढवली की वळणांत भल्याभल्यांना ऐकत नाही.

८. मी एकही चूक केली नाही तरी रेझर शेवटच्या वळणावर मागे येऊन चिकटतो. त्याच्या गाडीला वेगळा वेग आहे का?

गाडीचा दोष नाही. गेम मुद्दाम शर्यत घट्ट ठेवतो. तुम्ही फार पुढे गेलात की मागचे अचानक वेगात येतात, तुम्ही मागे पडलात की पुढचे जरा ढिले पडतात. म्हणून पहिल्या लॅपमध्ये जीव तोडून मिळवलेली आघाडी टिकत नाही आणि शेवटी केलेली एक चूक महागात पडते. क्विक रेसमध्ये स्वतःची शर्यत मांडताना हे बंद करता येतं, करिअरमध्ये नाही.

यावरून खेळण्याची पद्धतच बदलावी लागते. मी सुरुवातीला नायट्रो जपून वापरतो, रहदारीत धोका पत्करत नाही, आणि शर्यतीचा शेवटचा पाव भाग उरला की सगळं ओततो. रेझरशी एकामागून एक शर्यती असतात. त्या सगळ्या याच हिशेबाने खेळा.

९. वळणावर गाडी बाहेरच फेकली जाते. सेटिंग काय ठेवू?

सेटिंगला हात लावण्याआधी बोटांची सवय बदला. दहांतल्या नऊ जणांचा घोटाळा एकच असतो : वळण आलं की हँडब्रेक. कॅफेत सगळे तसंच खेळायचे, मीही. हँडब्रेकने मागची चाकं अडकतात, गाडी आडवी होते, बघायला झकास दिसतं, पण वेग मरतो आणि पुढचे दोन सेकंद इंजिन नुसतं ओरडत राहतं.

एम३ जीटीआरला ते लागतच नाही. लांब गोलाकार वळणात ॲक्सिलरेटर क्षणभर सोडा, बस. गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि नाक आपसूक आत वळतं. चौकातल्या काटकोनी वळणाला गाडी सरळ असतानाच साधा ब्रेक मारा, मग ब्रेक सोडून वळवा. वळवताना ब्रेक दाबून ठेवलात तर टायरला दोन्ही कामं एकदम करावी लागतात आणि एकही धड होत नाही. वळणाचा मध्य ओलांडल्यावर, गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे लागलं की पुन्हा पूर्ण ॲक्सिलरेटर. नायट्रो त्याच्याही नंतर. हँडब्रेक फक्त परत उलट फिरायचं असेल तेव्हा.

सराव करायला रॉकपोर्टच्या रोझवूड भागातले रस्ते उत्तम. तिथली वळणं मोकळी आहेत आणि चुकलात तरी भिंतीऐवजी गवत मिळतं. एकच वळण दहा वेळा घ्या. आठव्या-नवव्या वेळेला हाताला कळतं. स्लायडरबद्दल प्रश्न १९ मध्ये लिहिलं आहे.

१०. सरळ रस्त्यावर नायट्रो चालतो, पण वळताना दाबला की लागतच नाही. गेम खराब आहे का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर मला स्वतःला मिळायला दोन वर्षं लागली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नेट कॅफेत सहा मशीन होती. कोपऱ्यातल्या मशीनच्या कीबोर्डवर बाणांची चिन्हं झिजून काळी पडली होती आणि डाव्या ऑल्टवर कुणीतरी नखाने रेघ ओढली होती, नायट्रोची खूण म्हणून. त्या मशीनवर पुढचा बाण आणि डावा बाण दाबून धरून ऑल्ट दाबला की काहीच व्हायचं नाही. उजव्या बाणाबरोबर मात्र व्हायचं. मला वाटायचं, एम३ला डावीकडे वळताना नायट्रो मिळत नाही असा गेमचा नियमच आहे. मित्रांनाही तसंच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते मानलंही होतं.

खरं कारण कीबोर्ड. साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या ओळींचं जाळं असतं आणि बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी ओळ जुळते. दोन बटणं एकदम दाबली तर ओळखू येतात, पण ठरावीक तीन दाबली की जाळ्यात गोंधळ होतो आणि चुकीचं बटण उमटू नये म्हणून कीबोर्ड तिसरं सोडूनच देतो. कुठली तिघं अडतील हे प्रत्येक कीबोर्डवर वेगळं.

तपासायला नोटपॅड उघडा, तुमच्या गाडीच्या बटणांच्या जागी अक्षरांची बटणं मनात धरा आणि तीन-तीन एकदम दाबून किती अक्षरं उमटतात ते पाहा. मग गेमच्या कंट्रोलमध्ये गाडी अशा अक्षरांवर घ्या जी एकमेकांना अडवत नाहीत. नवा कीबोर्ड घ्यायची गरज क्वचितच पडते.

११. गेमपॅडवर ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबले की दोन्ही बंद पडल्यासारखे होतात. का?

गेम जुना आहे. त्या वेळच्या पद्धतीने तो एक्सबॉक्स प्रकारच्या पॅडचे दोन्ही ट्रिगर एकाच काट्यावर वाचतो : एक दाबला की काटा इकडे, दुसरा दाबला की तिकडे, दोन्ही दाबले की मध्यावर. चाहत्यांनी बनवलेल्या पॅचने ट्रिगर वेगळे होतात. तो टाकायचा नसेल तर ब्रेक एखाद्या साध्या बटणावर घ्या. पॅडची काठी (स्टिक) हवी तेवढीच वळवता येते, म्हणून एम३ जीटीआर पॅडवर जास्त खुलते. कीबोर्डवर वळणं एकतर पूर्ण किंवा शून्य.

१२. ऑटोमॅटिक ठेवू की मॅन्युअल?

पहिल्यांदा खेळत असाल तर ऑटोमॅटिक. हात बसल्यावर मॅन्युअल घ्या, कारण वळणाआधी दोन गिअर उतरवले की इंजिनच गाडी आवरतं आणि वळणातून निघताना ताकद तयार मिळते. ऑटोमॅटिक नेमका तिथे अर्धा सेकंद विचार करत बसतो.

ड्रॅगमध्ये, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीत, निवडीचा प्रश्नच नाही, गिअर स्वतःच बदलावे लागतात. तिथे काटा योग्य पट्ट्यात आला की बदला. इंजिन तापून फुटलं किंवा समोरच्या गाडीवर आदळलात तर शर्यत तिथेच संपते. एम३ जीटीआरचे गिअर फार पटापट संपतात, डोळा काट्यावर ठेवा आणि लेनकडे कडेने बघा.

१३. नायट्रो संपला की पुन्हा भरायला गॅरेजला जावं लागतं का?

नाही. गाडी वेगात पळत राहिली की आपोआप भरतो. म्हणून पूर्ण भरलेला नायट्रो साठवून ठेवण्यात अर्थ नाही, तो वेळ वाया जातो. थोडा मारा, भरू द्या, पुन्हा मारा. अपवाद शर्यतीच्या शेवटाचा, तो प्रश्न ८ मध्ये आहे.

१४. स्पीडब्रेकर म्हणजे नक्की काय? नावावरून वाटतं गाडी हळू होईल.

रस्त्यावरच्या गतिरोधकाशी त्याचा संबंध नाही. एक्स दाबलं की भोवतीचा काळ मंदावतो आणि तेवढ्या वेळात गाडी एरवीपेक्षा जास्त झटकन वळते. उपयोग दोन. एक, समोर अचानक आलेली रहदारी किंवा पोलिसांनी टाकलेली काट्यांची पट्टी चुकवणं. दोन, वळण चुकलं असं वाटल्यावर शेवटच्या क्षणी नाक आत घेणं. स्पीडब्रेकरचा साठा लवकर संपतो, चालवत राहिलं की पुन्हा भरतो.

एम३ जीटीआरमध्ये मी शर्यतीत हे फारसं वापरत नाही, गरज पडत नाही. पाठलागात मात्र दर मिनिटाला.

१५. रोडब्लॉकमधून जायचं कसं? प्रत्येक वेळी गाडी उलटते.

आधी मोकळी फट शोधा, बहुतेक वेळा एका कडेला असते. फट नसेल तर पोलीस गाडीच्या मागच्या टोकावर आदळा, पुढे इंजिन असतं आणि तो भाग जड. आदळण्याच्या क्षणी स्पीडब्रेकर चालू ठेवा, धक्का पचतो. काट्यांची पट्टी अंथरलेली असेल तिथे हे धाडस नको. टायर फुटलेल्या एम३ची आणि फुटलेल्या पुंटोची गत सारखीच होते.

समोरून येणाऱ्या जाड एसयूव्ही, म्हणजे ऱ्हायनो, वेगळा विषय. त्यांना धडकायचं नसतंच. त्या तुमच्या रेषेत येईपर्यंत सरळ जा, आणि अगदी जवळ आल्या की एका झटक्यात बाजू बदला. त्यांना वळायला वेळ लागतो.

१६. रेझरला हरवलं, गाडी मिळाली, आता पोलीस पिच्छा सोडत नाहीत. कितीही पळालो तरी लपता येत नाही. गेम अडकला आहे का?

अडकलेला नाही. हा शेवटचा पाठलाग नेहमीसारखा लपून संपत नाही. इथे फक्त तग धरायचा असतो. थोड्या वेळाने मियाचा फोन येतो, ती जुन्या तुटक्या पुलाचा मार्ग सांगते आणि नकाशावर खूण येते. तिथे पोचलात की पुढचं गेम स्वतः दाखवतो. फोन येण्याआधी पुलाकडे धाव घेऊन काही मिळत नाही.

तोवर मोठे, रुंद रस्ते धरा. अरुंद गल्लीत क्रॉसची कॉर्व्हेट आणि ऱ्हायनो मिळून कोंडी करतात. नकाशावर लाल त्रिकोणांनी दाखवलेल्या जागा, म्हणजे पेट्रोल पंप, पाण्याची टाकी, मोठं डोनट, मागच्यांवर पाडता येतात. त्या आधीच्या पाठलागांत पाठ करून ठेवा. आणि घाबरून नायट्रो सतत दाबू नका. या पाठलागात गाडी वेगात कमी पडत नाही, वळण चुकल्यानेच पकडले जातात.

मी पहिल्यांदा हा टप्पा पार केला तेव्हा कॅफेचं शटर अर्धं खाली आलं होतं. मालकांनी, आम्ही त्यांना काका म्हणायचो, शटर तसंच धरून ठेवलं आणि खुर्चीमागे उभे राहिले. जास्तीच्या वेळाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

१७. बस स्थानकात बसवर गाडी चढवून उभी केली की पोलीस काही करू शकत नाहीत. हे चीटिंग का?

गेममध्येच आहे, बाहेरून काही टाकलेलं नाही, त्यामुळे मी त्याला चीटिंग म्हणत नाही. बाउंटी अडली असेल तर वापरा. फक्त त्यात गाडी चालवायला मिळत नाही, आणि शेवटच्या पाठलागात लागणारा हात चालवल्यानेच तयार होतो.

१८. ब्लॅकलिस्टवाल्याला हरवल्यावर मार्कर निवडतो, त्यात कधीतरी एम३ जीटीआर निघते का?

नाही. सहा मार्करांतले, म्हणजे बक्षिसाच्या चिठ्ठ्यांतले, दोन निवडायचे असतात, आणि प्रश्नचिन्ह असलेल्यांत त्या-त्या प्रतिस्पर्ध्याची गाडी दडलेली असू शकते. म्हणजे बॅरनची केमन, मिंगची गलार्डो, वेबस्टरची कॉर्व्हेट वगैरे. एम३ जीटीआर मार्करवर अवलंबून नाही. रेझरला हरवलं की मिळतेच, प्रश्न ४ पाहा.

१९. परफॉर्मन्स ट्यूनिंगचे स्लायडर कसे ठेवू?

एकदम सगळे हलवू नका, काय बदललं ते कळत नाही. हँडलिंगचा स्लायडर एका बाजूला नेला की गाडी मागून सैल होते, दुसऱ्या बाजूला नेला की घट्ट पण आळशी. मी मध्याच्या जरा सैल बाजूला ठेवतो. एरोडायनॅमिक्स पाठलागासाठी ग्रिपकडे, लांब स्प्रिंटसाठी वेगाकडे. नायट्रोचा स्लायडर थोडा वेळ पण जोरात की बराच वेळ पण हळू, एवढंच ठरवतो. मला दुसरं आवडतं. कीबोर्डवर स्टिअरिंग फार तीव्र करू नका.

एकेक बदलून तेच वळण पुन्हा घ्या, प्रश्न ९ मध्ये सांगितलं तसं.

२०. नव्या मॉनिटरवर गाड्या चपट्या दिसतात.

पीसीवरचा गेम जुन्या चौकोनी पडद्यासाठी आहे. चाहत्यांनी बनवलेला वाइडस्क्रीन पॅच टाका, चित्र आणि नकाशा दोन्ही सरळ होतात.

२१. गेम ऑनलाइन विकत कुठे मिळेल?

पीसीसाठी अधिकृत डिजिटल विक्री नाही. मूळ डीव्हीडी जुन्या मालाच्या बाजारात मिळते. फुकट डाउनलोड म्हणून फिरणाऱ्या फायलींची लिंक मी देत नाही, आणि मेसेजमध्ये मागितली तरी देणार नाही. त्यांतून व्हायरस घेतलेली दोन मशीन मी स्वतः साफ केली आहेत.

२२. ही गाडी आणखी कुठल्या गेममध्ये आहे?

२००६ च्या कार्बनची सुरुवात हिच्यावरच होते आणि तिथे तिचा फार वाईट चुराडा होतो. ते दृश्य मला अजूनही बघवत नाही. त्यानंतर मालिकेतल्या अनेक गेममध्ये ती या ना त्या रूपात परत आली. चालवायला २००५ चीच बरी वाटते. नंतरच्या बहुतेक गेममध्ये ती गॅरेजमधल्या पन्नास गाड्यांतली एक असते.

२३. विंडोज नवीन टाकायचंय. माझी गाडी जाईल का?

सेव्ह नीट उचलून ठेवला तर नाही. डॉक्युमेंट्समध्ये एनएफएस मोस्ट वॉन्टेड नावाचा फोल्डर असतो, त्यात तुमच्या नावाचा सेव्ह. पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, नवं विंडोज आणि गेम टाकल्यावर त्याच जागी परत ठेवा. नुसती एक फाइल उचलू नका. नाव बदलू नका. आणि गेम चालू असताना कॉपी करू नका, अर्धवट सेव्ह उघडत नाही. कॉपी झाल्यावर विंडोज पुसण्याआधी एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून गॅरेजमध्ये ती दिसते का बघून घ्या.